डीजे लागण्याआधी…

कन्नड, सिल्लोडकडच्या गावात मित्राचं लग्न? हळदीला डीजेवर नाचाच, पण मांडवात जरा लवकर पोहोचा. पाच सवाष्णी जातं पुजून हळद दळतात, ओव्या गातात. पिठाची गिरणी आल्यापासून जातं एरवी कोपऱ्यातच असतं. ओव्यांत देव येतो, भाऊ येतो आणि सासरचा जाचही. सगळ्यात जास्त ओव्या येणारी आजी विधवा असली, तर मात्र तिचा हात जात्याला लागू देत नाहीत. हे खटकतंच, यार!

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमल्या. तुमच्या गावच्या आजीची त्यात असेलच असं नाही. मोबाइल काढा, तिच्याजवळ बसा. रेकॉर्ड करताना तिचं नावही विचारा.