सोळापट लहान, चौपट घाईत

जर्मन टायगर रणगाड्याचं वजन होतं ५७ टन. त्याची लांबी, रुंदी आणि उंची सोळा पटींनी कमी केली, तर वजन मात्र सोळाच्या घनाने, म्हणजे ४,०९६ पटींनी घटतं आणि उरतात जेमतेम १४ किलो. बाजारात मिळणारा प्लास्टिकच्या अंगाचा रेडिओवर चालणारा टायगर तर याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही. वर आणखी एक अडचण. मॉडेल लहान होतं, गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. त्यामुळे १:१६ प्रमाणाचं मॉडेल खड्ड्यातून जाताना खऱ्या रणगाड्यापेक्षा चौपट वेगाने हेलकावतं. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून चौपट. सिनेमावाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. अशा मॉडेलचं दृश्य ते सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी घेऊन टिपतात आणि मग संथपणे दाखवतात. अंगणात समोर धावणाऱ्या मॉडेलला ही सोय नाही. रेडिओवर चालणाऱ्या रणगाड्यांमध्ये फेरफार करणाऱ्या हौशी माणसांची सगळी धडपड मला या एका गोष्टीशी बांधलेली दिसते: यंत्रात नसलेलं वजन त्याच्या चालीत आणायचं.

या छंदाचं मूळ गाव जपानमधलं शिझुओका. तामिया ही कंपनी तिथे १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झाली, मग लाकडी आणि पुढे प्लास्टिकच्या मॉडेलांकडे वळली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याचं प्रमाण कुठल्या तत्त्वावर ठरलं नव्हतं. मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढी पोकळी आधी ठरली, मग रणगाडा तिच्याभोवती बेतला गेला. नंतर मोजलं तेव्हा ते प्रमाण १:३५ च्या आसपास निघालं, आणि पुढे जगभरच्या लष्करी मॉडेलांचं ते मानक प्रमाण झालं. १९७४ मध्ये तामियाचं पहिलं रेडिओ-नियंत्रित मॉडेल आलं, तोही रणगाडाच होता: १:१६ चा शर्मन. आज या प्रमाणात चीनच्या हेंग लाँगचे स्वस्त, तयार रणगाडे मुबलक आहेत. फेरफार करणाऱ्यांचा कच्चा माल बहुधा तोच.

खरा टायगर रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावायचा. सोळाने भागलं तर मॉडेलला ताशी अडीच किलोमीटर पुरेत. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. या वेगाला पट्टा ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, मिनिटाला साधारण अडीचशे फेरे घेतं. मोटरचे फेरे मिनिटाला हजारोंच्या घरात. हा सगळा फरक गिअरबॉक्सला पचवायचा असतो, म्हणून काम इथूनच सुरू करावं. मूळ गिअर बहुधा मऊ धातूचे, आस प्लास्टिकच्या भोकात फिरणारे. गाडी दगडाला अडली आणि मोटर जोर लावत राहिली, की दात उडतात. त्यांच्या जागी पोलादी गिअर आणि बॉल बेअरिंग येतात.

मग मोह होतो धातूच्या पट्ट्यांचा. वजन वाढतं, आवाज खणखणीत येतो, वरचा भाग खऱ्यासारखा झोळ खाऊन लोंबतो. पण इथे एक बदल दुसऱ्याला बोलावतो. धातूच्या कड्या प्लास्टिकच्या स्प्रॉकेटचे दात खातात, म्हणून स्प्रॉकेट धातूचं हवं. जड पट्ट्याचा ताण मागच्या ताणचाकाच्या दांडीवर येतो, ती वाकते, म्हणून तीही धातूची आणि ताण कमीजास्त करता येईल अशी हवी. चाकांचे स्प्रिंग वाढलेल्या वजनाने बसतात. मोटरला जास्त करंट लागतो आणि मूळ सर्किट बोर्ड तापू लागतो. एका पट्ट्यापायी अख्खी गाडी उघडावी लागते, आणि मला यातच या कामाची गोडी वाटते, कारण तोवर रणगाडा कशासाठी कसा घडवला आहे ते हातांना कळलेलं असतं. पट्टा फार ताणला तर बेअरिंगवर भार येतो, फार सैल सोडला तर वळताना उतरतो. टी-३४ या रणगाड्याचा पट्टा थेट मोठ्या चाकांवर पडतो, पॅटनचा वरच्या छोट्या रोलरांवर तोललेला असतो, आणि दोघांचा झोळ वेगळा दिसतो. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन उभा आहे. मॉडेलचा पट्टा बसवण्याआधी तो एकदा शेजारी उभं राहून नीट पाहावा.

यांत्रिक काम झालं की बोर्डाकडे वळावं, आधी नाही. मोटरचा वेग कमी करायचा म्हणजे वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायची. चालूचा वाटा जितका जास्त तितका वेग जास्त. पण घासणाऱ्या गिअरबॉक्समध्ये छोट्या वाट्याने मोटर हलतच नाही, आणि घर्षण सुटलं की गाडी एकदम उडी मारते. तिथे बोर्डाची हुशारी काही कामाची नाही, बेअरिंग लागतात. चाक मोकळं फिरू लागलं की मग बोर्डाला शिकवता येतं. चालवणाऱ्याने रिमोटची दांडी एका झटक्यात पुढे केली तरी वेग हळूहळूच वाढला पाहिजे, सोडली तरी गाडी थोडी पुढे वाहत गेली पाहिजे. दांडी हलल्यावर आधी इंजिनाचा आवाज चढतो, क्षणभर थांबून मग पट्टे फिरतात. तेवढ्या क्षणात पाहणाऱ्याला टन दिसतात. ओपन पँझर नावाच्या प्रकल्पाने असा बोर्ड आणि त्याचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याचा मेंदू आर्डुइनो मेगावरचाच एटीमेगा २५६०. केबल लावून संगणकावर एकेक सेटिंग बदलता येतं.

त्यातला वळण्याचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. साध्या खेळण्यात प्रत्येक रणगाडा एक पट्टा पुढे, एक मागे करून जागच्या जागी गरगर फिरतो. खरा टायगर असा फिरू शकत असे. शर्मन नाही. त्याच्या डिफरन्शियलमध्ये आतला पट्टा मंद व्हायचा, पण फिरत राहायचा, आणि त्याला वळायला सुमारे १९ मीटर व्यासाचं वर्तुळ लागायचं. मॉडेलमध्ये सव्वा मीटरच्या आसपास. टी-३४ मध्ये एका बाजूचा क्लच सोडून ब्रेक दाबायचा, म्हणून तो अडलेल्या पट्ट्याभोवती हिसक्याहिसक्याने वळायचा. हे तिन्ही स्वभाव प्रोग्राममध्ये लिहिता येतात. रंग, चिखल, गंज यांवर महिनोन्‌महिने खर्चणाऱ्याने शर्मनला भोवऱ्यासारखं फिरू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आवाजालाही तोच न्याय. शर्मनच्या एका प्रकारात विमानाचं रेडियल इंजिन होतं, दुसऱ्यात फोर्डचं व्ही-८, तिसऱ्यात जुळी डिझेल. कुठल्या शर्मनवर कुठला आवाज, याचा शोध घेणारी माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. जर्मनीच्या बेनेडिनीचं ध्वनी-मॉड्यूल या कामात नावाजलेलं आहे. आवाजाइतकंच लक्ष तोफेलाही द्यावं लागतं. गोळी सुटताच नळी सपकन मागे जाते आणि दमाने पुढे येते. नळी हलवणारा सर्वो दोन्हीकडे एकाच वेगाने हलवला तर ती तोफ न वाटता शिवणयंत्राची सुई वाटते.

या मॉडेलांची आपसांत लढाईही होते, ती इन्फ्रारेड किरणांनी. रणगाड्याच्या बुरुजावर बसणाऱ्या, किरण टिपणाऱ्या छोट्या रिसीव्हरला जगभरचे हौशी ‘ॲपल’ म्हणतात. तामियाच्या नियमांत हलका रणगाडा ३ फटक्यांत बाद होतो, मध्यम ६, जड ९; पण पुन्हा तोफ भरायला हलक्याला ३ सेकंद, मध्यमला ५, जडाला ९ लागतात. शर्मन मध्यम वर्गात, टायगर जडात. जागेवर न वळणाऱ्या शर्मनला इथे तोटा होतो, हे खरं. तरी टायगरची तोफ सुटल्यावर शर्मनकडे ९ सेकंद असतात: आपल्या सव्वा मीटरच्या वर्तुळाचा अंदाज घेत मातीच्या ढिगाआडून बाहेर यायचं, एक गोळी झाडायची, आणि वळायच्या भानगडीत न पडता आलेल्या वाटेनेच मागे सरकायचं.