मंद नव्हे, सम

‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ या शब्दांनी ज्याचा आरंभ होत नाही, असा आरोग्यविषयक लेख मराठीत शोधून काढणे कठीण आहे. आम्हीही असे लेख लिहिले आहेत आणि व्याख्यानांतून हे वाक्य कितीतरी वेळा उच्चारले आहे. अलीकडे मात्र या वाक्याचा उत्तरार्ध बदललेला आढळतो. पूर्वी तो ‘म्हणून अमुक चूर्ण घ्यावे’ असा असे. आता तो ‘म्हणून संथ जगावे’ असा असतो. ‘स्लो लिव्हिंग’ हा शब्द हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. रुग्ण मोबाइलवर काही वाचून येतात आणि विचारतात, “डॉक्टरसाहेब, आयुर्वेदात हेच सांगितलं आहे ना?” आपल्यापैकी बहुतेक वैद्य तत्काळ ‘होय’ म्हणून मोकळे होतात. आमचे उत्तर काहीसे निराळे आहे. ते व्यवसायबंधू-भगिनींसमोर आणि औषधालयांच्या चालकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

या चळवळीचे मूळ जेवणाच्या ताटात आहे, ही गोष्ट वैद्यांना आवडावी. १९८६ साली रोम शहराच्या एका ऐतिहासिक चौकात मॅकडोनाल्डचे उपाहारगृह उघडले, तेव्हा कार्लो पेत्रिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास विरोध केला. त्यातून ‘स्लो फूड’ चळवळ आकारास आली आणि १९८९ साली पॅरिस येथे तिचा जाहीरनामा स्वीकारला गेला. पुढे १९९९ मध्ये इटलीतील काही लहान नगरांनी ‘चित्तास्लो’ म्हणजे संथ नगरांचा संघ स्थापन केला. सावकाश शिजवलेले, आपल्याच मातीतले अन्न चार माणसांत बसून खावे, हा आग्रह आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. देशसात्म्य आणि ऋतुसात्म्य शिकलेल्या कोणासही तो पटेल.

परंतु ‘संथ’ हा शब्द उचलून तो जसाच्या तसा आपल्या शास्त्राच्या माथी मारताना क्षणभर थांबले पाहिजे. आयुर्वेदात ‘मंद’ हा स्तुतीचा शब्द नव्हे. अग्नी चार प्रकारचा सांगितला आहे: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. यांपैकी इष्ट केवळ सम होय; मंदाग्नी हा तर चिकित्सेचा विषय. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधी सांगताना अतिद्रुत भोजनाचा निषेध केला, तो आपण रुग्णांना आवर्जून सांगतो. त्याच्या लगेच पुढे अतिविलंबित भोजनाचाही निषेध आहे, तो सांगायचे मात्र राहून जाते. फार रेंगाळत जेवणाऱ्याची तृप्ती होत नाही, त्याच्या पोटात अन्न अधिक जाते, ताटातले निवते आणि पचन विषम होते, असे त्याचे दोष तेथे स्पष्ट सांगितले आहेत. घाई आणि दिरंगाई ही दोन्ही टोके शास्त्राला सारखीच अमान्य आहेत. त्याला हवे आहे ते काळाला धरून असलेले, सम आचरण. आचार-रसायनाच्या वर्णनातही जागरण व निद्रा यांचे समत्व सांगितले आहे, झोपेचे आधिक्य नव्हे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातच त्याचे मोठे उदाहरण आहे आणि आम्हां हिंगणघाटकरांना त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १९३६ साली वयाच्या ६६व्या वर्षी महात्मा गांधी शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे तेच सेवाग्राम झाले. बापूकुटीत बसले की मन शांत होते, असे जाणारा प्रत्येकजण सांगतो. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, बांबूची तट्टी, सारवलेली जमीन. ‘स्लो लिव्हिंग’च्या मासिकात छापावे असे हे चित्र आहे. तथापि या कुटीतले जीवन संथ मुळीच नव्हते. पहाट होण्यापूर्वी उठणे, प्रार्थना, ठरल्या वेळी भोजन, सूतकताई, सायंप्रार्थना आणि लवकर झोप हा क्रम काटेकोर होता. गांधीजींच्या कमरेला लटकणारे घड्याळ सर्वांना ठाऊक आहे. व्हाइसरॉयशी संपर्कासाठी बसवलेला दूरध्वनी तेथे आजही पाहावयास मिळतो. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिशांनी भारत सोडावा, असा ठराव काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यातच संमत केला. एवढ्या धामधुमीतही कुष्ठाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालिश करण्यास या माणसाला वेळ होता आणि सोमवारी मौन पाळण्यासही होता. कामे कमी होती म्हणून हे साधले, असे कोण म्हणेल? प्रत्येक कामाला त्याची वेळ नेमून दिलेली होती आणि ती मोडू द्यायची नाही असा निश्चय होता.

दुसरे उदाहरण पवनारचे, आणि वैद्याच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे. १९३८ साली विनोबांची प्रकृती अत्यंत क्षीण झाली. वजन ८८ पौंडांवर आले होते. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जावे, असा आग्रह झाला. विनोबांनी मात्र वर्ध्यापासून काही मैलांवरचे, धाम नदीच्या काठचे पवनार निवडले. नदी ओलांडताना त्यांनी अंगावरच्या साऱ्या कामांच्या चिंतांचा मनोमन त्याग केला आणि तेथे राहून त्यांनी शेतात खणण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटे. मग रोज थोडी थोडी भर. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत गेले. अर्धशक्ती व्यायाम आणि क्रमाने वाढ यांचा याहून सुरेख पुरावा आम्हांस तरी माहीत नाही. येथे औषध कोणते दिले, असे विचारणाऱ्या वैद्याला काय सांगावे? मनाने भार खाली ठेवला, शरीराने भार हळूहळू उचलला, इतकेच. क्षीण रुग्णाला ‘विश्रांती घ्या’ एवढे सांगून आपण थांबतो, तेथे विनोबांचे हे खणणे आम्हांस वारंवार आठवते.

मात्र आश्रमाचा क्रम आश्रमातच शक्य असतो. आता गावाकडे येऊ. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या व्यापाऱ्यांनाही नावाने ठाऊक होता. आजही दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की गावाचे घड्याळच बदलते. बाजार समितीकडे जाणाऱ्या वाहनांची रांग लागते, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने रात्रंदिवस चालतात, सरकी आणि गाठी वाहणाऱ्या मजुरांच्या पाळ्या लागतात. या चार-पाच महिन्यांत आमच्या चिकित्सालयात येणारे अम्लपित्त, मलावष्टंभ, निद्रानाश व शिरःशूलाचे रुग्ण वेगळ्याच वेळापत्रकाचे असतात. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणारा माणूस, आल्याबरोबर पोटभर जेवून दुपारपर्यंत झोपणारा. त्याला ब्रह्ममुहूर्तावर उठण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टाच होय. आणि ज्या कास्तकाराचा कापूस अजून विकायचा आहे, ज्याच्या उशाशी कर्ज आहे, त्याला ‘संथ जगा’ म्हणणे तर क्रूरपणाचे आहे. विदर्भातील वैद्याला हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

मग अशा रुग्णास शास्त्र काहीच देत नाही काय? देते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, अन्नरक्षाध्यायात, जागरणाविषयी एक व्यवहार्य सूचना आहे. ज्यास रात्री जागण्याची सवय नाही आणि जागावे लागले, त्याने जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी झोपावे, तेही न जेवता. आम्ही हा नियम पाळीच्या मजुरांना सांगू लागलो. ‘घरी आल्यावर आधी झोप, मग जेवण’ एवढेच. झोपेपूर्वी तळपायांना तीळतेल, आणि पाळीवर मध्यरात्रीनंतर पोटभर जेवण टाळून हलका आहार. चूर्ण बदलले नाही, वेळा बदलल्या. पुष्कळांना उतार पडला, काहींना पडला नाही.

आधुनिक शास्त्रही आता याच वाटेवर आले आहे. २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना शरीरांतर्गत घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळाले. पेशीपेशीत काळाचे भान असते, हे त्यांनी फळमाशीवरील संशोधनातून दाखविले. रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या बाबींत गणावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली ठरविले आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच मत दिले. ‘आमच्याकडे हे आधीपासूनच होते’ असे म्हणून छाती फुगवण्यापेक्षा, जे आधीपासून होते ते आपण रुग्णाला सांगितले का, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

जाता जाता एक इशारा. जिनिंगमधल्या मजुराच्या प्रत्येक तक्रारीचे खापर दिनचर्येवर फोडू नये. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो, असे तो सांगत असेल तर ते कापसाच्या धुळीचे लक्षण असू शकते. तेथे प्राणायामाचा सल्ला देऊन वेळ दवडू नये. फुफ्फुसांची तपासणी करून घ्यावी व नाकातोंडावर योग्य आच्छादन वापरण्याचा आग्रह धरावा.

आता स्वतःविषयी थोडे, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका हंगामात आम्ही रात्री साडेदहापर्यंत रुग्ण तपासत होतो. जेवण अकराला, झोप एकला. रांग मोठी असली की मूत्रवेग दोन-दोन तास धरून ठेवत होतो. चरकसंहितेतील तेरा अधारणीय वेग पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून आम्हांस मुखोद्गत आहेत, हे सांगताना आज संकोच वाटतो. छातीत जळजळ होई म्हणून अविपत्तिकर चूर्ण स्वतःच सुरू केले, ते दोन वर्षे चालले. एका रात्री एका जिनिंगमधले वयस्क मुकादम नाडी दाखवायला बसले होते. आम्ही त्यांना भोजनकालाविषयी सविस्तर सांगत होतो. त्यांनी सर्व निमूटपणे ऐकले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून विचारले, “सायेब, तुमी कवा जेवता जी?” रात्रीचे दहा वाजून गेले होते. आम्हांस उत्तर देता आले नाही.

एकदम सारे बदलणे शक्य नव्हते, आणि शास्त्रही तसे सांगत नाही. अंगवळणी पडलेले अपथ्य पादांशाने सोडावे, मध्ये अवकाश द्यावा, हा क्रम आपण व्यसनी रुग्णांना सांगतो. तोच स्वतःस लावला. दर आठवड्याला चिकित्सालय पंधरा मिनिटे आधी बंद. दोन महिन्यांत साडेआठवर आलो. जेवण नऊच्या आत होऊ लागले. चूर्ण सुटले, रक्तदाब मात्र पूर्णपणे सुटला नाही, त्याची गोळी चालू आहे. काही रुग्ण दुरावले. उत्पन्न घटले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. घरातल्या मंडळींनी मात्र एवढ्या वर्षांनी प्रथमच आमच्याबरोबर बसून जेवण केले.

औषधालयाच्या चालकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. ‘रात्री झोपताना एक चमचा कोमट पाण्याबरोबर’ हे वाक्य आपल्या गल्ल्यावरून रोज शेकडो वेळा उच्चारले जाते. त्याआधी एकच प्रश्न जोडावा: “झोपता केव्हा, आणि जेवता केव्हा?” जेवणाला व झोपेला ठरलेली वेळ नाही आणि मलवेग आला असता दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून दाबून ठेवतो, अशा माणसाला वर्षानुवर्षे सारक चूर्ण विकणे हा व्यापार होईल, चिकित्सा होणार नाही. आमच्याच गावातील एका औषधालयाच्या चालकांनी यावर हसत हसत आम्हांस सुनावले की, “वैद्यराज, तुमच्या या प्रश्नानं आमचा डबा उचलणं बंद होईल.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु तेच गृहस्थ आता मे महिन्यात दुपारी दोन तास दुकान बंद ठेवतात व घरी जाऊन पडतात. विदर्भाच्या दुपारच्या झोपेला पुण्या-मुंबईची मंडळी आळस म्हणून हसतात. ग्रीष्मात दिवास्वप्न शास्त्रसंमत आहे, हे त्यांना ठाऊक नसावे. पाऊस सुरू झाल्यावरही ती झोप चालूच राहिली, तर मात्र हसणाऱ्यांचे बरोबर.

यंदाच्या हंगामासाठी चिकित्सालयाच्या दाराशी वेळेची पाटी नव्याने रंगवून घेतली आहे. तातडीच्या रुग्णासाठी दार कधीही उघडते, हेही तिच्यावर लिहिले आहे. परवा रात्री सव्वानऊला दार वाजले. जिनिंगमधला एक तरुण मजूर पाळीवर जाण्यापूर्वी आला होता. जळजळ होते म्हणून चूर्ण मागत होता. जेवलास का, असे विचारले तेव्हा ‘नाही, घाईत राहिलं’ म्हणाला. त्याला आत बसवले, आमच्या घरची दोन भाकरी आणि भाजी दिली. त्याने ती पाच मिनिटांत संपवली. सावकाश जेव, असे आम्ही म्हणालो नाही. त्याची पाळी दहाची होती.