एक नंबर टॉपवर

वर्तमानपत्राच्या पानावर ओळीनं मांडलेले चार प्लग, उघडं बॉनेट आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून वाकलेले बाबा. कऱ्हाडच्या आमच्या घरासमोरची ही रविवार सकाळ मला अजून तशीच दिसते. गाडी प्रीमियर पद्मिनी. ती टॉप गिअरमध्ये टाकलेली असायची आणि मागून ढकलायचं काम माझं. प्लग काढल्यामुळे इंजिन हलकं फिरायचं. "हळू... हळू... आली हवा, थांब!" अंगठ्याखालून हवा फुस्सकन निसटली, की पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय हे कळायचं. मग बाबा पुलीवरच्या खुणेकडे बघत मला बोट-बोटभर पुढे ढकलायला लावत. टॉप गिअरमध्ये गाडी जेमतेम दीड फूट सरकली की इंजिनाचा एक फेरा पुरा होतो. म्हणजे इंजिनाचा एक अंश रस्त्यावर मिलीमीटरभरच. तेवढी गाडी सरकवायला मी शिकलो तेव्हा सातवीत होतो.

खूण पुढे निघून गेली तर गाडी मागे घेऊन नुसती खूण जुळवलेली बाबांना चालत नसे. हातभर मागे न्यायची आणि पुन्हा पुढेच आणायची. टायमिंगच्या साखळीत, गिअरांच्या दातांत थोडा ढिलेपणा असतो. गॅरेजात त्याला 'प्ले' म्हणतात. इंजिन ज्या दिशेनं धावतं त्याच दिशेनं खुणेवर आलं, तरच तो ढिलेपणा एका बाजूला ओढला जातो आणि दिसणारा कोन खरा असतो.

ही खूण पिस्टन अगदी टोकाला पोचण्याच्या थोडी आधीची असते. सगळा प्रश्न या 'थोडी आधी'चा आहे. प्लगवर ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात भस्सकन पेटतं असं आपण समजतो. तसं होत नाही. गवताच्या गंजीला एका कोपऱ्यातून लागावी तशी ती आग पसरत जाते आणि तिला वेळ लागतो. तो वेळ 2 मिलीसेकंद धरू. इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांनी संथ चालू असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे पिस्टनांना जोडलेला इंजिनाचा मुख्य दांडा, 9 अंश फिरतो. 3000 फेऱ्यांना तो 36 अंश फिरतो. आग भडकून पूर्ण दाब तयार होईल तेव्हा पिस्टन नुकताच टोक ओलांडून खाली निघालेला हवा. म्हणजे ठिणगी आधी पडली पाहिजे आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हिशेब इतका सरळ नाही, कारण वेगात मिश्रण जास्त घुसळलं जातं आणि जाळही झपाट्यानं पसरतो. पण दिशा हीच.

सुरुवातीच्या मोटारींत हे 'आणखी आधी' चालकाच्या हातात होतं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला त्यासाठी एक दांडी असे. हँडल मारताना ती दांडी मागे घ्यायला विसरलं, तर ठिणगी पिस्टन वर येण्याच्या फार आधी पडे, इंजिन उलटा झटका देई आणि हँडलवरचं मनगट मोडे. पुढे प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रीब्यूटरच्या पोटात दोन छोटी वजनं आणि त्यांना आवरणाऱ्या स्प्रिंगा आल्या. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी सरकते. चालकानं पहिला मूळ कोन तेवढा बरोबर लावून द्यायचा.

आमच्याकडे कित्येक मेकॅनिक डिस्ट्रीब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. डेल्को म्हणजे डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावची, 1909 सालची. चार्ल्स केटरिंग हा तिचा एक संस्थापक. त्याआधी तो दुकानांतल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होता. कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांची जी जोडणी त्यानं मोटारीसाठी बसवली, तीच थोड्याफार फरकानं आमच्या पद्मिनीत होती. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये बॅटरीचा करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. पॉइंट उघडतात तो क्षण म्हणजेच ठिणगीचा क्षण. टायमिंग लावायचं म्हणजे तो क्षण पकडायचा.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. त्याचं मूळ इटलीत तुरीनला, 1937 सालच्या फियाटमध्ये सापडतं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्याच इंजिनाची फियाट 1100 पन्नाशीच्या दशकापासून बनू लागली. त्या गोलमटोल गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. चौकोनी चेहऱ्याची आवृत्ती 1964 साली आली आणि सत्तरीच्या मध्यावर तिला पद्मिनी हे नाव मिळालं. रूप आणि नाव बदललं तरी बॉनेटखालचा पसारा ओळखीचाच राहिला. बॉनेट उघडलं की जमीन दिसे, हात आत जाई, प्रत्येक नट पान्याला लागे. घरी टायमिंग लावता येण्याचं निम्मं कारण ही मोकळी जागा आहे.

टायमिंग पुन्हा पुन्हा का लावावं लागतं, हे मला बरीच वर्षं समजलं नव्हतं. स्क्रू तर घट्ट असतात. मग बाबांनी एकदा जुने पॉइंट काढून हातावर ठेवले. पॉइंटच्या फिरत्या पात्याला फायबरची एक टाच असते. ती कॅमवर घासत राहते आणि झिजते. टाच झिजली की पॉइंट उशिरा उघडतात आणि कमी उघडतात. ठिणगी रोज केसभर मागे पडत जाते. हा बदल इतका सावकाश असतो की चालकाला पत्ता लागत नाही. गाडी आळसावते, पेट्रोल जास्त पिते, घाटात लवकर तापते आणि आपण म्हणतो, गाडीचं वय झालं. दर चार-पाच हजार किलोमीटरला डिस्ट्रीब्यूटरचं टोपण उघडायचं ते यासाठी.

त्या जुन्या पॉइंटवर आणखी एक गोष्ट होती. एका बाजूला छोटा खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा. ठिणग्यांनी एकीकडचा धातू दुसरीकडे नेऊन ठेवला होता. अशा पॉइंटमध्ये अंतर मोजायचं फिलर गेज सरकवलं तर पातं उंचवट्यालाच अडतं आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी दिसतं. म्हणून आधी बारीक कानस फिरवायची किंवा सरळ नवे पॉइंट बसवायचे, मग अंतर लावायचं, साधारण 0.4 ते 0.5 मिलीमीटर, आणि त्यानंतरच टायमिंगला हात घालायचा. अंतर बदललं की टायमिंग बदलतंच. हा क्रम उलटा करणारा माणूस दिवसभर तिथल्या तिथे फिरत राहतो.

आता पॉइंट उघडण्याचा क्षण दाखवणारा बल्ब. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक कॉइलकडून डिस्ट्रीब्यूटरला जाणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला आणि दुसरी बॉडीला अर्थ. किल्ली चालू करायची. पॉइंट मिटलेले असतील तर करंट त्यांच्यातूनच अर्थला जातो आणि बल्ब विझलेला राहतो. ते उघडले की करंटला बल्बवाचून वाट उरत नाही, तो लागतो. एक नंबरचा पिस्टन खुणेवर आहे, टोपणाखालचा रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघतोय, डिस्ट्रीब्यूटरचा क्लॅम्प सैल केलाय. बॉडी आधी रोटरच्या दिशेनं फिरवायची, बल्ब विझेपर्यंत. मग उलट दिशेनं अगदी हळू. बल्ब लागला, की तिथेच थांबायचं. डिस्ट्रीब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे इथला एक अंश तिकडे दोन अंश होतो. मनगटाला झटका चालत नाही.

क्लॅम्प आवळताना बॉडी हमखास किंचित सरकते. म्हणून आवळून झाल्यावर गाडी पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि बल्ब खुणेवरच लागतो का ते पाहायचं. किल्ली या सगळ्यात विनाकारण चालू ठेवायची नाही, कॉइल तापते. बल्ब नसला तर सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ओढत राहतात. तो सुटला तो क्षण. चालत्या इंजिनावर लखलखणारी टायमिंग लाइट आता सहज मिळते आणि ती अधिक अचूक आहे, कारण आतली वजनं नीट हलतात का तेही ती दाखवते. तरीही सुरुवात मी बल्बनंच करतो.

एकदा बाबांनी डिस्ट्रीब्यूटर पूर्ण बाहेर काढला होता आणि बसवताना रोटर बरोबर विरुद्ध तोंडाचा झाला. खूण जुळत होती, बल्ब लागत होता, पण स्टार्टर मारला की कार्बोरेटरमधून धडाका. पुलीवरची खूण चार स्ट्रोकच्या चक्रात दोनदा समोर येते. एकदा पिस्टन मिश्रण दाबत असतो, एकदा जळका धूर बाहेर ढकलत असतो. त्या दिवशी अंगठा लावायचा राहिला होता. बाबांनी सगळं सोडून पहिल्यापासून सुरू केलं आणि वायरी लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मोठ्यानं म्हटली : एक-तीन-चार-दोन. मला आजही तो आकडा त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.

खरी परीक्षा मात्र कुंभार्ली घाटात. चिपळूणला मामाकडे जाऊन परतताना पोफळी मागे पडली की चढ लागतो. बाबा मुद्दाम वरचा गिअर ठेवून ॲक्सिलरेटर दाबायचे आणि काच खाली करून ऐकायचे. ठिणगी फार आधी पडत असेल, तर डब्यात खडे हलवल्यासारखा टिकटिकाट येतो. वाढत्या दाबानं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, त्याचा तो आवाज. तसंच चालवत राहिलं तर पिस्टन जातात. आवाज अजिबात नसेल आणि गाडीही ओढत नसेल, तर ठिणगी उशिरा. दाबल्यावर क्षणभर पुसट टिकटिक आणि वेग घेताच ती गायब, हे त्यांचं माप होतं. पुस्तकातला कोन एका ठरावीक पेट्रोलसाठी आणि नव्या इंजिनासाठी लिहिलेला असतो, असं ते सांगत.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना हे फार चांगलं ठाऊक होतं. पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा जुनं टायमिंग निरुपयोगी झालं. सीएनजीचा जाळ पेट्रोलपेक्षा सावकाश पसरतो, ठिणगी आणखी आधी हवी. पण त्याच टायमिंगवर पेट्रोल टाकलं की इंजिन टिकटिकतं. एकाच गाडीत दोन इंधनं, म्हणून मधला कोन शोधायचा. पुस्तकात न छापलेला तो कोन रस्त्याकडेच्या मिस्त्रींनी कानानं शोधला, आणि या इंजिनाच्या इतिहासात तुरीनच्या अभियंत्यांइतकीच त्यांची नोंद व्हायला हवी. वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

नव्या मोटारींत पॉइंट नाहीत, फिरवायला डिस्ट्रीब्यूटर नाही. इंजिनाच्या ब्लॉकला स्फटिकाचा एक छोटा सेन्सर बोल्टनं आवळलेला असतो. टिकटिक ऐकू आली की तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी मागे घेतली जाते. काच खाली करून बाबा जे करत तेच काम तो करतो, सेकंदाच्या अंशात आणि प्रत्येक चढावर.

पद्मिनी आता माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर नवे पॉइंट बसवले. मुलगी मागून ढकलत होती, भोकावर अंगठा माझा. खूण दोनदा पुढे गेली. तिसऱ्या वेळी बल्ब लागला, क्लॅम्प आवळला, पुन्हा तपासलं आणि दुपारी आम्ही दोघं घाटाकडे निघालो. पोफळीच्या वर तिनं स्वतःहून काच खाली केली. "बाबा, वाजलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "गेलं."