दुधारी ब्लेडचे नवे दिवस

१९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, किंग कॅम्प जिलेट यांच्या अमेरिकी कंपनीचे जेमतेम ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. पहिल्या महायुद्धात हा रेझर सैनिकांच्या सामानात गेला आणि घरोघरी वस्तरा पाजवायची दगदग संपत आली. १९२१मध्ये मूळ पेटंटची मुदत सरली. पुढे ऑटोस्ट्रॉप या स्पर्धक कंपनीशी पेटंटवरून तंटा झाला, १९३०मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि मधोमध लांब खाच असलेले ब्लेड रूढ झाले. कोणत्याही कंपनीचे ब्लेड कोणत्याही रेझरमध्ये बसू लागले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने याहून मोठी सोय या धंद्यात नंतर झालेली नाही.

मोठ्या कंपन्यांना मात्र हे मोकळेपण नको होते. १९७१मध्ये दोन पात्यांचा ‘ट्रॅक टू’ आला, १९९८मध्ये तीन पात्यांचा ‘मॅक थ्री’, २००६मध्ये पाच पात्यांचा ‘फ्यूजन’. दांडा ज्या जातीचा, कार्ट्रिजही त्याच जातीचे घ्यायचे.

भारतात दुधारी ब्लेड हटलेच नाही. ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचे ‘सुपरमॅक्स’ आणि कोलकात्याच्या मल्होत्रांचे ‘टोपाझ’ खेड्यातल्या टपरीपर्यंत पोचले. एड्सच्या धास्तीने सलूनमधला जुना वस्तरा मागे पडला. कारागीर गिऱ्हाइकासमोर नवे ब्लेड मोडून अर्धे वस्तऱ्यात बसवू लागला. त्यामुळे ब्लेडला कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

इथला बाजार जिंकायला निघालेल्या जिलेटची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारतासाठीचा ‘व्हेक्टर’ रेझर कंपनीने अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना देऊन पाहिला. त्यांना तो आवडला, भारतात मात्र चालला नाही. विद्यार्थ्यांकडे नळाला वाहते पाणी होते. इथे कितीतरी लोक वाटीभर पाण्यात दाढी उरकत आणि पात्यांत केस अडकून बसत. मग कंपनीची माणसे घराघरांत जाऊन दाढी कशी होते ते पाहत बसली. त्यातून २०१०मध्ये एकाच पात्याचा ‘गार्ड’ आला. रेझर १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये. ‘मॅक थ्री’चे २५ सुटे भाग, याचे फक्त ४.

पाश्चात्त्य देशांत उलटे वारे वाहू लागले. महागड्या कार्ट्रिजला कंटाळलेले लोक पुन्हा ब्रश आणि साबणाच्या वडीकडे वळले. जर्मनीचे मेर्कुर आणि म्यूले रेझर, जपानची फेदर ब्लेड, तुर्कस्तानचा आर्को साबण यांना दूरदूरचे चाहते मिळाले. बिज्जूच्या केसांच्या ब्रशशेजारी कृत्रिम तंतूंचे ब्रश आले. ते लवकर वाळतात आणि त्यांसाठी प्राण्याचा जीव जात नाही. घरपोच ब्लेड पाठवणारा ‘डॉलर शेव्ह क्लब’ युनिलिव्हरने २०१६मध्ये सुमारे शंभर कोटी डॉलरला घेतला. २०१९मध्ये जिलेटच्या मालक कंपनीने जिलेटचे मूल्य हिशेबात आठशे कोटी डॉलरनी घटवले. परकी चलनांची घसरण, दाढी करण्याचे घटलेले प्रमाण आणि नवी स्पर्धा ही कारणे देण्यात आली.

भारतातही ‘बॉम्बे शेव्हिंग कंपनी’ने सुरुवात केली ती धातूचा दुधारी रेझर असलेल्या संचाने. असा रेझर आता हौसेने भेट दिला जातो, आणि कोणाच्या कातडीला कोणते ब्लेड मानवते हे अजमावता यावे म्हणून निरनिराळ्या कंपन्यांच्या ब्लेडची मिश्र पाकिटेही विकली जातात.