कोयत्याची एक जखम लवकर मिटते, दुसरी फाकते, असं का?

ऊसतोड असो की ज्वारीची काढणी, विळा-कोयता लागणं आपल्याला नवीन नाही. पण सारख्याच लांबीच्या दोन जखमा असल्या तरी एक बारीक रेघ ठेवून मिटते, दुसरी तोंड वासून बसते. आपण रक्ताला दोष देतो. बऱ्याचदा खरं कारण जखमेच्या दिशेत असतं.

आपली कातडी अंगावर ताणून बसवलेली असते. हा ताण सगळीकडून सारखा नसतो, एका दिशेनं जास्त असतो. त्या दिशेच्या रेषांना ताणरेषा म्हणतात. बाज डोळ्यांपुढे आणा. ताणलेल्या सुंभाच्या दोन पदरांमधून विळ्याचं टोक घातलं तर काही बिघडत नाही. तोच पदर आडवा कापला तर दोन्ही टोकं लांब पळतात. कातडीचंही तसंच. रेषेच्या दिशेनं कापलं तर कडा जवळ राहतात, रेषेला आडवं कापलं तर फाकतात आणि वण रुंद पडतो.

व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये या रेषांचा नकाशा मांडला. मृतदेहावर त्यांनी गोल टोकाच्या हत्यारानं भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली. आजचे सर्जन जिवंत माणसाच्या सुरकुत्याही बघतात. तुम्हीही बघा. हाताची कातडी हलकेच चिमटीत धरा. ज्या दिशेनं बारीक, सरळ घड्या सहज पडतात, ती साधारण तिथली रेषा.

म्हणूनच थायरॉईडचं ऑपरेशन गळ्याच्या आडव्या घडीत करतात. सिझरचा छेदही बहुतेक वेळा ओटीपोटावर आडवाच असतो. पण घाईच्या किंवा मोठ्या ऑपरेशनला पोट उभं उघडावं लागतं. तिथं वणापेक्षा जीव महत्त्वाचा, त्यामुळे 'डॉक्टरनं उभंच का फाडलं' म्हणून रागावू नका.

सर्वांत जपायची जागा म्हणजे सांधे. बोटाच्या आतल्या बाजूला घड्यांवरून सरळ उभा वण पडला तर तो आकसतो आणि बोट वाकडं राहू शकतं. सर्जन तिथं मुद्दाम नागमोडी छेद घेतात. कोयत्याला हे कळत नाही. म्हणून बोट, कोपर, गुडघा इथली जखम लहान दिसली तरी डॉक्टरला दाखवा.

जखम झाली की स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. रक्त जोरात वाहत असेल तर धुवत बसू नका, आधी दाबा. हळद, चुना, तंबाखू, माती काही भरू नका. कडा फाकत असतील तर त्याच दिवशी, होईल तितक्या लवकर दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

टाके घरी ब्लेडनं काढू नका. चेहऱ्यावरचे साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात, पाय आणि सांध्यावरचे १० ते १४ दिवस ठेवावे लागतात. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असंही नाही. तीन आठवड्यांनी तिथली ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांपर्यंत जाते, पूर्ववत मात्र कधीच होत नाही. तेव्हा गुडघ्याचे टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मोळी उचलायला जाऊ नका. कामावर कधी जायचं, हे टाके काढतानाच डॉक्टरला विचारून घ्या.