फुकटच्या बेसची किंमत

रात्रीची वेळ. स्कॉट हॅटेबर्गच्या दारात ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन उभा. हॅटेबर्ग मूळचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, पण कोपराच्या नसेला इजा झाल्यापासून त्याला चेंडू नीट फेकता येत नाही. बीन त्याला पहिल्या बेसवर उभा करू पाहतोय, आणि ती जागा हॅटेबर्गला सर्वस्वी नवी आहे. हॅटेबर्ग साकारणाऱ्या ख्रिस प्रॅटच्या चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती एकदमच उमटते. बेनेट मिलर दिग्दर्शित ‘मनीबॉल’ (२०११) या चित्रपटाचा जीव अशा दृश्यांत आहे.

मोडक्या हाताचा हा खेळाडू हवा कशाला? २००२ साली ओकलंडचं पगारांचं बजेट सुमारे ४ कोटी डॉलर होतं, तर न्यूयॉर्क यँकीजचं साडेबारा कोटींच्या घरात. ओकलंडचा हुकमी फलंदाज जेसन जिआंबी यँकीजनी नुकताच उचलला होता. त्याच्या तोडीचा दुसरा घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून बीननं बाजारात ज्याला भाव नाही असा गुण शोधला.

तो गुण म्हणजे चेंडू सोडण्याचा संयम. ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू पडले आणि फलंदाजानं बॅट फिरवली नाही, की त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडण्यातलं कौशल्य आपल्याला गावसकरांनी दाखवलं. बेसबॉलमध्ये तर त्याचं रोख बक्षीस मिळतं. पण फलंदाजाची पारंपरिक सरासरी काढताना वॉक धरतच नाहीत! कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करणारा बिल जेम्स १९७७पासून स्वतःच पुस्तिका काढून अशा गोष्टी आकड्यांनिशी मांडत होता. हॅटेबर्ग वॉक मिळवण्यात तरबेज होता, आणि स्वस्तही.

ब्रॅड पिटनं साकारलेला बीन जुन्या जाणत्या निवडकर्त्यांशी भांडतो. ते खेळाडूची चेहरेपट्टी, अंगकाठी, अगदी त्याची मैत्रीण कशी दिसते यावरून अंदाज बांधतात. या भांडणामागे जखम आहे. १९८० साली अशाच जाणकारांनी बीनला भावी तारा ठरवलं. स्टॅनफर्डमध्ये शिकायची संधी सोडून तो मेट्स संघाकडे गेला, आणि खेळाडू म्हणून कधी बहरलाच नाही.

४ सप्टेंबर २००२. सलग एकोणीस सामने जिंकलेला ओकलंड कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० असा पुढे होता. बघता बघता ११-११ झाले. नवव्या, शेवटच्या डावात राखीव फलंदाज म्हणून हॅटेबर्ग उतरला आणि त्यानं होमरन मारला. सलग विसावा विजय. पटकथाकारानं रचलं असतं तर खोटं वाटलं असतं.

चित्रपटानं एक अन्याय मात्र केला आहे. बॅरी झिटो, टिम हडसन, मार्क मल्डर हे ओकलंडचे तिघे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आणि मिगेल तेहादा त्यात जवळजवळ दिसतच नाहीत. त्या वर्षी झिटोला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तेहादा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामातल्या १०३ विजयांचा कणा हेच चौघे होते. हॅटेबर्गसारख्यांनी भोवतालची खिंडारं स्वस्तात बुजवली.

प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटानं ओकलंडला ३-२ असं हरवलं. आपल्याकडे यावं म्हणून बॉस्टनच्या संघानं बीनपुढे सव्वा कोटी डॉलर ठेवले, त्यानं नकार दिला. बॉस्टननं त्याच सुमारास बिल जेम्सला सल्लागार नेमलं आणि २००४मध्ये ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, जिंकली. ओकलंडला ती पुन्हा मिळाली नाही, आणि २०२४च्या हंगामानंतर संघानं ते शहरही सोडलं.