संगणकाची घडणावळ

जयपूरच्या जोहरी बाजारात बांगडी घ्यायला गेलं की सोन्याची किंमत वेगळी आणि घडणावळ वेगळी सांगितली जाते. सोन्याचा त्या दिवसाचा भाव गिऱ्हाईक फोनवर बघूनच आलेलं असतं. त्यात सोनाराला फारसं काही सुटत नाही. त्याचं पोट घडणावळीवर चालतं आणि ती मागताना त्याला संकोच वाटत नाही. याच शहरात, एम.आय. रोडच्या जयंती मार्केटच्या आसपास किंवा मानसरोवर, वैशालीनगर, प्रतापनगरच्या घराघरांतून गेमिंगचे संगणक बांधून विकणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्या बिलावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट असं सगळं ओळीने लिहिलेलं असतं. बांधणाऱ्याच्या कामाची ओळ बहुधा नसतेच. हौसेने सुरू झालेला हा जोडधंदा वर्षा-दोन वर्षांत का गुंडाळावा लागतो, याचं मूळ मला त्या न लिहिलेल्या ओळीत दिसतं.

या धंद्यात पडणारा मुलगा बहुधा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असतो, नाहीतर नुकता नोकरीला लागलेला. जयपुरात मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, सीतापुऱ्याच्या बाजूला खासगी कॉलेजांची रांग आहे. पहिलं मशीन तो स्वतःसाठी बांधतो, दुसरं मामेभावासाठी, आणि तिसऱ्याला अनोळखी माणसाचा फोन येतो. मागणी वाढायलाही कारणं घडली. टाळेबंदीत मुलं घरात अडकली असतानाच, जून 2020 मध्ये, ‘व्हॅलोरंट’ हा तेव्हा फक्त संगणकावर खेळता येणारा आणि फुकट मिळणारा गेम आला. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली आणि फोनवर खेळणाऱ्यांतल्या काहींची नजर संगणकाकडे वळली. एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधानांनी ज्या मोजक्या गेमर्सना भेटीला बोलावलं, त्यांत आपला मिथिलेश पाटणकरही होता. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढा आधार पुरतो.

पण जयपुरात हा धंदा निव्वळ गेमर्सच्या भरवशावर करायचं कारण नाही. हे लग्नांचं शहर आहे. आमेर रोडच्या हवेल्यांत आणि महालांत होणाऱ्या लग्नांचे तासन् तासांचे व्हिडिओ कुणीतरी बसून कापत असतं, त्याला असंच दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. दागिन्यांचा आराखडा आता संगणकावर उभा राहतो. सीतापुऱ्याच्या रत्न-आभूषण कारखान्यांतले डिझायनर अंगठीची त्रिमिती प्रतिमा फिरवून दाखवतात, तेव्हा आत राबतं ते गेमिंगचंच कार्ड. या गिऱ्हाइकाचं मशीन एक दिवस बंद पडलं तर त्याचा रोजगार बुडतो. म्हणून तो भावाच्या आधी दुरुस्ती कोण करणार ते विचारतो. माझ्या मते खरा धंदा या गिऱ्हाइकाकडे आहे.

घरी बसून संगणक बांधता येतो, यामागे एक चुकलेला हिशेब आहे. 12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमने आपला पीसी आणला तो घाईत, बाजारात मिळणारेच सुटे भाग वापरून. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्यात मुख्यतः बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली, होतं. कॉम्पॅकने त्याच्यासारखंच चालणारं बायोस स्वतंत्रपणे लिहून घेतलं, 1984 मध्ये फीनिक्स कंपनीने तसं बायोस कुणालाही विकायला सुरुवात केली आणि आयबीएमच्या हातून मक्तेदारी गेली. 1995 मध्ये इंटेलने बोर्ड आणि कॅबिनेटसाठी एटीएक्स नावाची मापं ठरवून दिली. तैवानचा बोर्ड चीनच्या कॅबिनेटमध्ये नेमका बसतो तो त्यामुळे. भारताने 1997 मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी होऊन या मालावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचं कबूल केलं. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस.पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांची भरभराट या सगळ्यांतून झाली.

नव्वदच्या दशकात मराठी मध्यमवर्गाच्या घरी आलेला पहिला संगणक बहुतेकदा लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला असे, तो ब्रँडेडपेक्षा स्वस्त पडे म्हणून. आज उलटं झालं आहे. साध्या वापराला कंपनीचा लॅपटॉप स्वस्तात मिळतो आणि जुळवून घेतलेलं मशीन हौशीचं, महागाचं झालं आहे. भाव पडला तो फक्त जुळवणाऱ्याच्या कामाचा.

या कामातून मोठं होता येतं, याचे दाखले आहेत. मायकेल डेलने 1984 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातून हेच केलं. भांडवल हजार डॉलर. आपल्याकडचं नाव कैलास काटकर यांचं. दहावीनंतर शिक्षण सोडून ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर औषध लिहिलं. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं आणि 2016 मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. काटकर बंधूंची कमाई सुटे भाग विकण्यातून झाली नाही. गिऱ्हाइकाची अडचण सोडवायचे पैसे त्यांनी घेतले.

आता ते काम काय असतं, ते जवळून बघू. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यात हजारावर पिना असतात, केसाएवढ्या बारीक. झाकण उघडताना बोट निसटलं आणि एक पिन वाकली, तर बोर्डाची वॉरंटी संपली. मग भिंगाखाली सुईच्या टोकाने ती सरळ करत बसायचं. थर्मल पेस्ट कमी पडली तर चिप तापते. सगळं जोडून बटण दाबलं की पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. नव्या डीडीआर-5 रॅमच्या बोर्डांना पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात. हे ठाऊक नसलेला मुलगा घाबरून सगळं पुन्हा उचकटतो. ठाऊक असलेला हात बांधून बसून राहतो आणि ‘डिस्प्ले’ येतो. मग विंडोज, ड्रायव्हर आणि रात्रभराची चाचणी. कार्ड आणि प्रोसेसर पूर्ण ताणून चालवायचे, तापमान लिहून ठेवायचं. ही चाचणी गाळणारे बरेच असतात आणि त्यांचंच मशीन महिनाभराने परत येतं.

जयपुरात यावर आणखी एक थर चढतो. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांना टेकतो. वातानुकूलित खोलीत 25 अंशांना तपासलेलं मशीन दुपारी 42 अंशांच्या खोलीत चाललं, तर आतल्या भागांचं तापमानही साधारण तेवढ्याच, म्हणजे 17 अंशांनी चढतं. रायझन 7000 मालिकेचे बहुतेक प्रोसेसर 95 अंशांना पोचले की आपला वेग आवरता घेतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मशीन उन्हाळ्यात मंद झालं,’ त्याचं कारण हे. वर आंधीची बारीक वाळू. म्हणून आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचे, म्हणजे फटींतून धूळ आत शिरत नाही, आणि पुढे धुता येईल अशी जाळी लावायची. घरोघरी पाण्याचे कूलर असतात. त्यांची ओली हवा थेट कॅबिनेटवर आली की आतल्या धुळीचा लगदा होतो. मशीन कूलरसमोर ठेवू नका, हे गिऱ्हाइकाला सांगणंही बांधणाऱ्याचंच काम.

तसंच अर्थिंगचं. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला नुसतंच भोक असतं, मागे तार नसते. मग एसएमपीएसच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, फिल्टरमधून झिरपणाऱ्या प्रवाहाला जमिनीत जायला वाट मिळत नाही आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. घरच्या साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर चांगल्या प्रतीच्या काही एसएमपीएसना मानवत नाही; वीज गेली की मशीन धाडकन बंद. घरी जाऊन प्लग तपासणारा, योग्य यूपीएस सुचवणारा माणूस ऑनलाइन दुकानात मिळत नाही. एवढं सगळं करून तो पैसे मात्र मागत नाही.

मागत नाही म्हणजे किती बुडतात, त्याचा हिशेब मांडतो. समजा, ऑर्डर करासकट 1,00,000 रुपयांची आहे आणि भाग करासकट 95,000 ला मिळाले. वरवर 5,000 सुटले. जीएसटी 18 टक्के, म्हणजे मूळ विक्री 84,746 आणि मूळ खरेदी 80,508 रुपयांची. हाती उरले 4,238. त्यातून खोका, फोम, रिक्षा, विजेचं बिल, ‘कोणतं कार्ड घेऊ’ यावर आठवडाभर चाललेलं बोलणं आणि पुढच्या 3 वर्षांचे फोन. आयकराच्या अनुमानित योजनेत डिजिटल व्यवहारावर किमान 6 टक्के नफा धरला जातो. 84,746 वर तो 5,085 होतो. म्हणजे न मिळालेल्या पैशावरही कर. तो टाळायचा तर खरी वही ठेवावी लागते, आणि ती पहिल्या मशीनपासून ठेवावी.

जीएसटी नोंदणी मालाच्या विक्रीला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, असं ऐकून मुलं निर्धास्त असतात. पण ती सवलत राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. जयपूरहून गुरुग्रामच्या गिऱ्हाइकाला एक मशीन पाठवलं तरी नोंदणी लागते. शिवाय स्टुडिओवाल्याला आणि दागिन्यांच्या कारखान्याला पक्कं बिल हवं असतं. नोकरी सांभाळून हे करणाऱ्याने नेमणूकपत्र पुन्हा वाचावं; केंद्र सरकारी नोकराला तर 1964 च्या वर्तणूक नियमांनुसार परवानगीवाचून धंदा करताच येत नाही.

याहून मोठी गोष्ट ग्राहक संरक्षण कायद्याची. जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या कायद्यात ‘उत्पादक’ कोण, याच्या व्याख्येत दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणारा स्पष्टपणे घेतला आहे, आणि दुसऱ्याच्या मालावर स्वतःचं नाव लावणाराही. काचेवर आपला लोगो चिकटवून मशीन विकणारा एकवीस वर्षांचा मुलगा कायद्याच्या नजरेत उत्पादक आहे. हलक्या एसएमपीएसने पेट घेतला तर प्रश्न त्यालाही विचारला जाईल. उत्पादकाची जबाबदारी घ्यायची आणि मजुरी हमालाएवढीही नाही, हा सौदा मला अन्यायाचा वाटतो.

भावाचे झटकेही त्यालाच बसतात. सप्टेंबर 2020 मध्ये आरटीएक्स 3080 या ग्राफिक्स कार्डाची भारतातली किंमत 71,000 रुपयांपासून जाहीर झाली. त्या भावात कार्ड मिळणं पुढे दीड-दोन वर्षं मुश्कील होतं, कारण इथेरियम हे आभासी चलन खणणाऱ्यांनी जगभरची कार्डं उचलली होती. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम कार्डांवर खणण्याची पद्धत बंद झाली आणि खाणीत झिजलेली कार्डं जुन्या बाजारात आली, काही पुसून-पासून नव्यासारखी. 2025 च्या अखेरीस रॅमची पाळी आली. एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळला, काही महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत सोमवारचं कोटेशन शुक्रवारी पाळणारा स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला मशीन देत असतो. कोटेशनवर मुदत लिहावी आणि भागांचे सगळे पैसे आधी घ्यावेत. यात उद्धटपणा काही नाही.

वॉरंटीचं काम तर न संपणारं. कार्ड बिघडलं की ते वितरकाच्या किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात जातं. यातल्या मोठ्या वितरकांपैकी एक, राशी पेरिफेरल्स, 1989 मध्ये मुंबईत सुरू झालेली. ती फेब्रुवारी 2024 मध्ये शेअर बाजारात उतरली. साखळीतल्या वरच्या कडीला भांडवल आहे, गोदामं आहेत. खालच्या कडीला एक मुलगा स्कूटरवर कार्डाचा खोका घेऊन चाललेला असतो, आणि दुरुस्त होऊन येईपर्यंत गिऱ्हाईक फोन त्यालाच करतं. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहिलेला असला तर निदान सेवा केंद्रात वाद होत नाही.

विंडोजबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. चोरीची प्रत टाकून पाच-दहा हजार वाचवून देणं ही या बाजारातली सर्रास चाललेली गोष्ट आहे. ती टाकणारा गिऱ्हाइकाच्या बँकेच्या पासवर्डशी खेळतो. परवाना परवडत नसेल तर लिनक्स टाकून द्यावं. आता पुष्कळ गेम त्यावरही चालतात. सगळे नाही, आणि ‘व्हॅलोरंट’ तर नाहीच, हेही आधी सांगावं.

असा धंदा करणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे : निवड, जुळणी, चाचणी आणि वर्षभराची सेवा, अशी मजुरीची ओळ बिलावर स्वतंत्र लिहा, लाखाच्या मशीनला 6 ते 8 हजार मागा आणि भाग गिऱ्हाइकाला खरेदीच्या भावात दाखवा. काही गिऱ्हाइकं जातील. जी थांबतील त्यांचे फोन उचलायला तुम्ही तिसऱ्या वर्षीही धंद्यात असाल. आणि या दिवाळीत मुलासाठी मशीन बांधून घेणाऱ्या पालकांनी, जयपूर असो की पुणे, मजुरीची ओळ नसलेलं बिल हातात आलं तर ती लिहायला लावावी, रात्रभराच्या चाचणीच्या तापमानाचा कागद मागून घ्यावा आणि घासाघीस न करता तेवढे पैसे द्यावेत.